सिस्टरच्या नावावरची एक चूक

१

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजी गेल्या त्या आजाराने नाही, औषधाने गेल्या. रक्ताच्या तपासणीने तेवढं पक्कं केलं होतं. अर्धांगाचा झटका येऊन त्या दवाखान्यात आल्या, झटक्यामागून फिट्स आल्या, म्हणून नाकातल्या नळीवाटे फिट्सचं पातळ औषध सुरू झालं. सुरुवातीला त्या सुधारल्या, मुलीचं बोट घट्ट धरायला लागल्या. मग गुंगी चढत गेली, नळीतून दिलेलं दूध उलटून फुप्फुसात गेलं आणि संपलंच सगळं. रक्तात ते औषध हवं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं.

आता यातली मेख ऐका. त्याच वॉर्डात त्या वेळी एक मोठा अभ्यास चालू होता. विषय काय, तर दवाखान्यात रुग्णांना औषधं देताना चुका कशा होतात आणि त्या कशा टाळायच्या. त्यामुळे आजींना दिलेल्या प्रत्येक डोसाच्या वेळी सिस्टरच्या पाठीशी त्या पाळीची निरीक्षकबाई उभी होती. प्रत्येक डोस तिने डोळ्यांनी पाहिला होता, आणि प्रत्येक डोस बरोबर होता. साक्षीदारासमोर बरोबर औषध द्यायचं आणि माणूस जास्त औषधाने मरायचा, हा कुठला न्याय?

मला बोलावलं माझ्या मावसभावाने. तो त्या दवाखान्याचा अधीक्षक. जगाला तो मोठा डॉक्टर असेल, मला तो अजून बाळूच आहे. मी जन्मभर दवाखान्यातलं औषधशास्त्र शिकवलं. आता गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"ताई, तू फक्त ये आणि अहवाल लिही," बाळू फोनवर म्हणाला. "सिस्टरला घरी बसवलंय. आजींच्या मुलीने पोलिसांत तक्रार दिलीये. सगळं सरळ आहे."

"सरळ असतं तर तुला ताई आठवली नसती."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुझा अहवाल आला की पोलीस तिला घेऊन जाणार आहेत. परवाना जाईल, शिक्षाही होईल. माझ्याकडे वीस वर्षं आहे गं ती. तिच्या हातून हे झालं असेल, असं मला वाटत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हातून होणंच शक्य नाही."

२

सिस्टर गणवेशाशिवाय आली होती. साधा ड्रेस, केस घट्ट बांधलेले. हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. इतकी वर्षं त्या हातांत सतत काहीतरी असणार, ट्रे नाहीतर सिरिंज, आणि आज ते मांडीवर रिकामे पडले होते. मला तिची दया आली. तपास करणाऱ्याला दया येऊ नये म्हणतात. म्हणोत.

"मापात दिलं, मॅडम," ती म्हणाली. "सिरिंजवरची रेघ मी दोनदा बघायची. निरीक्षकबाईही बघायच्या."

"आजींना कोण कोण औषध द्यायचं?"

"दिवसपाळीला मी. बाकीच्या पाळ्यांना दुसऱ्या सिस्टर. पण गुंगी वाढली ती माझ्या पाळीत आणि त्या गेल्याही माझ्या पाळीत. म्हणून खापर माझ्यावर."

"आजींच्या मुलीशी तुमचं वाजलं होतं म्हणे."

तिने मान वर केली. "वाजणारच. त्यांना गिळता येत नव्हतं, आणि ही बाई चमच्याने पाणी पाजत होती. मी ओरडले. भर वॉर्डात ओरडले. तिने मला विचारलं, तुमची आई असती तर? मी म्हटलं, माझी आई असती तर मी तुम्हाला इथे उभंही केलं नसतं." ती थांबली. "तेवढं बोलायला नको होतं मी."

बोलणं खरं वाटत होतं. खोटं बोलणारी माणसं स्वतःचं कडू बोलणं इतकं नीट आठवून सांगत नाहीत. मी वही मिटली आणि उठता उठता सहज विचारलं, "अभ्यासाच्या काळात तुमच्या हातून एकही चूक झाली नाही?"

तिची मान कानापर्यंत लाल झाली.

"नाही," ती म्हणाली.

आणि मला कळलं, की हे मात्र खोटं आहे.

३

अभ्यासाचे प्रमुख, ज्यांना सगळा दवाखाना नुसतं 'सर' म्हणायचा, ते मला दारापर्यंत घ्यायला आले. गोड माणूस. चहा, बिस्किटं, पंखा माझ्या बाजूला वळवणं, सगळी साखरपेरणी झाली. त्यांची हुशारी खोटी नव्हती, हेही सांगून टाकते. औषधांच्या चुकांनी किती माणसं हकनाक मरतात यावर ते बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर कापरा झाला.

"तुम्हाला माहीत आहे मॅडम, घाईत सिस्टर बाटली उचलते. दोन बाटल्या सारख्याच दिसतात. चुकीची उचलते. संपलं! म्हणून मी ही फळी बनवली." त्यांनी फोटो पुढे केला. औषधाच्या खोलीतल्या भिंतीवर एक फळी, तिच्यात ओळीने पातळ औषधांच्या बाटल्या घट्ट आवळून बसवलेल्या. प्रत्येक बाटलीच्या पोटाला वेगळ्या रंगाचा रुंद पट्टा. "झाकणातून तळापर्यंत बारीक नळी सोडलीये. सिरिंज वर लावायची, हवं तेवढं ओढायचं, निघायचं. बाटलीला हात लावायचाच नाही. मग चूक होणार कशी?"

"आणि चुका कमी झाल्या?"

"कमी? जवळजवळ संपल्या. दुसऱ्या दवाखान्यांनीही फळ्या नेल्यात. त्या सिस्टरच्या नावावर तर अख्ख्या अभ्यासात एकच चूक आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. "कसली चूक?"

"अहो किरकोळ. अगदी सुरुवातीची. नियम मोडला तिने एकदा. तेव्हा मी दुर्लक्ष केलं, पण आता वाटतं, नियम न पाळण्याची वृत्ती तिच्यात होतीच." मग ते पुढे झुकले. "मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण तुम्ही त्या मुलीकडेही बघा. आजींच्या खाटेजवळच्या कपाटात फिट्सच्या गोळ्या सापडल्यात. घरून आणलेल्या. औषध तेच."

एका दमात दोन बायका माझ्या ताटात वाढून ते मोकळे झाले. हे मला आवडलं नाही. पण गोळ्यांची गोष्ट टाळण्यासारखी नव्हती.

"ती फळी बघायची आहे मला," मी म्हटलं.

"धुवायला काढलीये," सर म्हणाले, आणि पंखा उगाचच अजून थोडा माझ्याकडे वळवला.

४

आजींची मुलगी आईची पिशवी न्यायला आली होती. वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. पिशवीत शाल, चष्मा, कंगवा. कंगव्यात अजून पांढरे केस होते. ती ते सोडवत बसली आणि सोडवता सोडवता बोलत राहिली.

"त्या गोळ्या जुन्या आहेत. आईला मागे एकदा फिट आली होती, तेव्हाच्या. दाखल करताना घरातली सगळी औषधं घेऊन या म्हणाले, म्हणून मी डबाच उचलून आणला. कुणी बघितला पण नाही तो."

"तुम्ही त्यातली एखादी कुटून नळीतून दिली नाहीत?"

"मला ती नळी बघवत नव्हती हो. हात कसला लावते?"

"पण पाणी पाजलंत."

कंगवा तिच्या हातातून खाली पडला. मी उचलायला वाकले नाही. वाकले असते तर उठता आलं नसतं आणि ती काय बोलते ते राहून गेलं असतं.

"ती ओठ चाटायची," मुलगी म्हणाली. "माझ्याकडे बघून ओठ चाटायची. दोन चमचे दिले असतील मी. सिस्टर ओरडली, त्यानंतर नाही दिलं. पण ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पातळ गेलंय. मला वाटलं माझंच पाणी. मीच मारलं आईला." तिने तोंडावर पदर दाबला. "मग रक्ताचा रिपोर्ट आला, आणि कळलं की औषध जास्त झालं होतं. मला किती बरं वाटलं माहितीये? आई मेलेली, आणि मला बरं वाटलं. त्या सिस्टरला तुरुंगात घातल्याशिवाय मी राहणार नाही."

आता तिचा राग माझ्या नीट लक्षात आला. सिस्टर सुटली तर हिच्या मनातलं ते पाणी परत वर येणार होतं. अशा माणसाला समजावणं अवघड असतं, आणि त्या वेळी माझ्याकडे समजवायला काही नव्हतंही. गोळ्यांचं तिने सांगितलेलं खरं की खोटं, हेही मी छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते.

मी उठले. तेवढ्यात वॉर्डाच्या दारातून एक काटकुळी बाई तरातरा आली आणि माझी वाट अडवून उभी राहिली.

"तुम्हीच का चौकशीवाल्या? मेलेल्याचीच चौकशी करता, की जिवंत माणसाचीही करता? माझ्या पोराला त्याच बाटलीतलं औषध देत होते. त्याचं काय झालं ते कुणी विचारणार आहे का नाही?"

५

तिचा मुलगा वायरमन होता. शिडीवरून पडून डोक्याला मार लागला, आणि फिट्स येऊ नयेत म्हणून त्यालाही तेच औषध, आजींबरोबरच सुरू झालं. त्या वॉर्डात ते औषध घेणारे हे दोघेच. तो खाटेवर बसून होता, डोक्याला पट्टी, चेहरा ओढलेला.

"पहिल्यापासून सांगा," मी त्याच्या आईला म्हटलं.

"आधी हा दारू प्यायल्यासारखा करायचा. जीभ जड, उभा राहिला की झोकांड्या. डोळे असे नाचायचे. माझा पोरगा थेंबाला शिवत नाही हो! लोक बघायचे तर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांना सांगितलं, तर म्हणाले डोक्याला मार आहे, असं व्हायचंच."

"हे आजी होत्या तेव्हाच?"

"तेव्हाच की. ती म्हातारी तिकडे झोपून, हा इकडे झिंगून."

"मग?"

"मग आपला आपण सुधारला. म्हातारी गेली, त्यानंतर अगदी छान बोलायला लागला. मला म्हणाला, आई, तू घरी जाऊन झोप. मी म्हटलं, सुटलो बाबा. आणि मग फिट आली. एक संपतेय तर दुसरी. जीभ चावून रक्त. औषध चालू असताना!"

मी तिथल्या स्टुलावर बसले. 

सगळ्यांनी एकट्या आजींकडे पाहिलं होतं. त्यांच्याबरोबर या पोराला ठेवून पाहिलं असतं, तर सिस्टरच्या नावाने तक्रार झालीच नसती. बघा. सिस्टरने आजींना मुद्दाम किंवा चुकून जास्त दिलं असेल, तर त्याच दिवसांत हा पोरगा का झिंगत होता? जीभ जड, झोकांड्या, नाचणारे डोळे, ही त्या औषधाची रक्तात जास्ती झाल्याची पुस्तकातली लक्षणं. याच्या वाटचं आजींना दिलं म्हणावं, तर याला तेव्हाच फिट यायला हवी होती, आणि हा तर तेव्हा औषधाने भरलेला होता. मुलीने घरच्या गोळ्या कुटून घातल्या म्हणावं, तर ती या खाटेकडे कधी फिरकली नव्हती. वेगवेगळ्या पाळ्यांत वेगवेगळ्या सिस्टर, तरी दोघांना आधी जास्त गेलं. आणि मग त्याच मापाच्या सिरिंजमधून या पोराला कमी गेलं, इतकं कमी की फिट आली.

माणसं बदलत होती, माप तेच होतं. आधी जास्त, मग कमी. बदललेली गोष्ट एकच उरत होती, सिरिंजमध्ये येणारं औषध.

मी औषधाच्या खोलीत गेले. फळीची जागा रिकामी होती. धुवायला काढलेली वस्तू परत लावायची असते. इथे भिंतीतली स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवलेली होती आणि वरून रंगाचा हात मारला होता. रंग अजून बोटाला लागत होता.

"मॅडम," दारातून कुणीतरी हळूच म्हणालं. दिवसपाळीची निरीक्षकबाई उभी होती.

"सिस्टरच्या नावावरची ती चूक," ती म्हणाली, "मी लावली होती."

६

तिला मी आत घेतलं आणि दार लोटलं.

"काय केलं होतं सिस्टरने?"

"बाटलीला हात लावला. फळी नवीन होती. आजी आणि वायरमन यांच्या आधीचा एक रुग्ण होता, दुसरंच औषध घेणारा. सिस्टरने सवयीने बाटली फळीतून सोडवायला घेतली. मी विचारलं, काय करताय? त्या म्हणाल्या, हलवून घेते. मी..." 

"तुम्ही चूक म्हणून खूण केलीत."

"नियमच तसा होता, मॅडम! बाटलीला हात म्हणजे चूक. सरांनी सगळ्यांसमोर सिस्टरना सुनावलं. वीस वर्षांच्या सवयी मोडल्याशिवाय सुरक्षितता येत नाही म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी हात लावला नाही. कुणीच लावला नाही."

आता सिस्टरची लाल मान मला कळली. चार लोकांत झालेला अपमान तिने गिळला होता, आणि चौकशीत तो वर काढला तर बाटलीशी छेडछाड केली असं म्हणतील, ही भीती. बिचारीला ठाऊकच नव्हतं, की तिच्या नावावर लागलेली ती एकमेव चूक हीच त्या अभ्यासात त्या खोलीत घडलेली सगळ्यात बरोबर गोष्ट होती.

कारण हे फिट्सचं औषध पाण्यात विरघळत नाही. त्याची पूड नुसती तरंगत असते, आणि बाटली उभी राहिली की ती हळूहळू तळाला बसते. म्हणून प्रत्येक बाटलीवर छापलेलं असतं, वापरण्यापूर्वी नीट हलवा. सरांच्या फोटोत ती ओळ दिसत नव्हती. दिसणार कशी? रंगीत पट्टा तिच्यावरच तर गुंडाळलेला होता. बाटली भिंतीला आवळलेली, नळी थेट तळापर्यंत. पहिले डोस तळातले, घट्ट. आजी आणि वायरमन ते घेत होते. वर त्या औषधाचा एक दुष्टपणा असा, की रक्तात एका हद्दीपुढे गेलं की शरीराला ते उपसता येत नाही, साचतच जातं. तरणा पोरगा नुसता झिंगला. म्हाताऱ्या बाईला गुंगी आली, खोकून दूध बाहेर काढायचं त्राण राहिलं नाही. मग तळातलं औषध संपलं. आजी गेल्यावर त्या पोराच्या वाट्याला आलं ते गुलाबी रंगाचं नुसतं पाणी.

"फळी कुणी काढली?" मी विचारलं.

"सरांनी. आजींचा रिपोर्ट आला त्या दुपारी. वायरमनला फिट आल्याचंही त्याच सकाळी कळलं होतं. ते रिपोर्ट वाचत उभे राहिले, मग इथे आले. बाटली काढून उजेडात धरली. आणि या बेसिनमध्ये स्वतःच्या हाताने धुतली. मॅडम, सर स्वतःचा चहाचा कपसुद्धा कधी विसळत नाहीत."

"आणि सिस्टरला घरी बसवलं ते?"

"त्याच संध्याकाळी. सरांनीच अधीक्षकांना सुचवलं."

"तुम्ही तेव्हापासून गप्प आहात."

ती रडायला लागली. सर तिचे मार्गदर्शक, प्रबंध त्यांच्या सहीवर अडकलेला, नवरा दुसऱ्या गावी, तान्ही मुलगी, सगळं सांगत होती. मला तिचं खरं वाटत होतं आणि तिचा संतापही येत होता. दोन्ही एकदम येतं माणसाला.

"उद्या अधीक्षकांच्या खोलीत सगळ्यांची बैठक घेते, तिथे हेच बोलाल?" मी म्हटलं.

तिने डोळे पुसले आणि दार उघडून निघून गेली.

७

बैठक बाळूच्या खोलीत झाली. तो स्वतः, सर, आजींची मुलगी, निरीक्षकबाई आणि कोपऱ्यात, दाराशी, सिस्टर. मुलीने खुर्ची अशी फिरवून घेतली होती की सिस्टर दिसू नये.

मी जास्त बोलले नाही. औषधांच्या कोठारात बरेच दिवस न हललेली त्याच औषधाची बाटली मी सकाळी अलगद आणवली होती. झाकणातून तळापर्यंत बारीक नळी सोडली. पहिली सिरिंज ओढून एका काचेच्या पेल्यात रिकामी केली. मग भराभर ओढत बाटली जवळजवळ संपवली, आणि शेवटची सिरिंज दुसऱ्या पेल्यात.

दोन पेले टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकात घट्ट गुलाबी लगदा, पेला तिरका केला तरी काचेला धरून राहणारा. दुसऱ्यात पाण्याला नुसता रंग. त्यातून पलीकडे बाळूचं घड्याळ दिसत होतं.

"माप दोन्हींचं एकच," मी म्हटलं. "सिस्टरने एक थेंब जास्त दिला नाही. घट्ट ते आजींनी आणि वायरमनने घेतलं, पातळ ते एकट्या वायरमनने. बाटली हलवायची नाही असा नियम होता. त्या हलवायला गेल्या, तर ती त्यांची चूक ठरवली."

सिस्टर पेल्यांकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद नव्हता. ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "म्हणजे गेलं ते माझ्याच हातांनी."

सरांनी घसा साफ केला. "हा एक तर्क झाला. मूळ बाटलीच नाही, तर..."

"बाटली तुम्ही धुतलीत, सर," निरीक्षकबाई म्हणाली. आवाज चिरकला, पण म्हणाली. "मी दारात होते."

सरांचा गोडवा उतरत गेला आणि खाली एक थकलेला, घाबरलेला माणूस राहिला. "फळीने किती जीव वाचवलेत ते कुणी मोजणार आहे का?" ते म्हणाले. "चुकीच्या बाटल्या उचलणं बंद झालं. एका औषधासाठी सगळं बदनाम झालं असतं. मी ती गुपचूप सुधारणार होतो. पुढच्या फळीत..."

"फळी चुकली, ते मी समजू शकते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "माणूस चुकतो. पण तुम्हाला कळलं, त्यानंतर तुम्ही बाटली धुतलीत, भिंतीला लांबी भरलीत आणि एका निरपराध बाईला पोलिसांच्या हाती द्यायला निघालात. तिला सुरक्षितता शिकवत होतात तुम्ही!"

आजींची मुलगी टेबलाची कड धरून उभी राहिली. "मग माझं पाणी?"

"तुमचं पाणी नाही हो," सिस्टर दारातूनच म्हणाली. "त्यानंतर दोन दिवस छाती स्वच्छ होती त्यांची. मी रोज ऐकायचे."

मुलगी तिच्याकडे वळली. इतक्या वेळात पहिल्यांदा. 

एवढ्यात बाळूने टेबलावर हात आपटला. त्याला हे उशिरा सुचलं, पण सुचलं. "सर, दुसऱ्या दवाखान्यांनी फळ्या नेल्यात म्हणालात. त्या अजून भिंतीवर आहेत?"

सर खाली बघत होते.

"त्यांना कळवलं नाहीत?"

"कळवायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं," सर म्हणाले.

बाळूने फोन ओढला. पहिल्या ठिकाणी ते औषध त्या फळीवर नव्हतंच. दुसऱ्या ठिकाणी होतं, पण बाटली अजून उघडलेली नव्हती. तिसरीकडे फोन वॉर्डातल्याच एका नवख्या सिस्टरने उचलला. बाळूने फळीचं सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं, आणि पलीकडून काय आलं ते ऐकताना त्याचा हात थांबला. त्याने फोनचा आवाज मोठा केला.

"...एक बाई आहेत त्या औषधावर, नळीवरच आहेत त्या, सर," फोनमधली मुलगी घाबरून बोलत होती. "कालपासून सारख्या झोपेत आहेत. आम्हाला वाटलं थकवा असेल. आत्ताच दूध सोडलंय मी. डॉक्टर राउंडला गेलेत, मी काय करू?"

बाळू माझ्याकडे बघायला लागला, मी सरांकडे, सर जमिनीकडे. पदव्या आम्हा तिघांकडे भरपूर होत्या. सिस्टर दारातून पुढे आली. तिची वाट आजींच्या मुलीच्या खुर्चीवरून होती. मुलीने खुर्ची मागे ओढली आणि तिला जागा करून दिली.

सिस्टरने फोन हातात घेतला.

"ऐक बाळा," ती म्हणाली. "दूध आधी बंद कर. नळी चिमटीत धर. उशीकडची बाजू वर उचल, त्यांना कुशीवर वळव, तोंड खाली येईल असं. सक्शन जवळ आहे का? घे, घशातलं ओढून काढ. एकीला डॉक्टरांना बोलवायला पळव. ते औषध आता द्यायचं नाही, कुणी म्हटलं तरी नाही. पुढचं डॉक्टर रक्त तपासून ठरवतील. आणि बाटली फेकू नकोस, कुणाला धुवू देऊ नकोस. कळलं का?"

"हो, सिस्टर." पलीकडे रडू फुटलं होतं. "माझ्याच हातून झालं का हे?"

सिस्टरने डोळे मिटले आणि उघडले.

"ते नंतर," ती म्हणाली. "फोन तिथेच ठेव आणि जा त्यांच्याजवळ. मी आहे इथे."

पलीकडे पावलं वाजली, मग नुसता वॉर्डाचा आवाज येत राहिला. सिस्टर फोन कानाशी धरून उभी होती. आजींची मुलगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि दोघी मिळून वाट बघायला लागल्या.